टिपणीसकाकांचा सुळा

“हे लॉजवर गेलेत. गुरुवार ना आज,” असं म्हणून विमलकाकूंनी पोळपाटावरची पोळी शांतपणे फिरवली.

मी त्यांच्या दारात विरजणासाठी वाटी घेऊन उभी होते. सिंगापूरच्या बुकित बातोकमधल्या त्या ब्लॉकमध्ये आम्हाला येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. समोरच्या दारावर ‘टिपणीस’ असं आडनाव दिसलं म्हणून मी हरखून गेले होते, आणि पहिल्याच भेटीत हे! आमच्या पुण्यात ‘लॉज’ हा शब्द आई आवाज खाली आणून उच्चारायची. स्टेशनजवळची ती ठिकाणं, भरदुपारी ट्यूबलाइट जळणारी, जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या असलेली. आणि इथे साठी ओलांडलेली, अंबाड्यात मोगऱ्याची दोन फुलं खोचलेली बाई नवऱ्याचं लॉजवर जाणं असं सांगत होती, जसं कोणी भाजी आणायला गेलेत म्हणून सांगावं.

“दर गुरुवारी जातात?” मी विचारलंच.

“दर. चुकवायचे नाहीत. मीच सकाळी सगळं काढून ठेवते गं. इस्त्रीचा शर्ट, मोजे, आणि तो त्यांचा दात.”

दात! म्हणजे गृहस्थ कवळी लावून जातात! मी रिकामी वाटी घेऊन घरी परतले आणि दाराला आतून कडी घातली.

तेव्हाची मी म्हणजे एक ध्यानच होते. बत्तिशीतली अक्कलदाढ तेवढी यायची राहिली होती. नवरा मरीन इंजिनीअर, महिनोन्महिने बोटीवर. मुलगी मुग्धा शाळेत. मी दिवसभर रिकामी, कोणाच्या घरात काय शिजतंय त्याचा वास घेत बसलेली. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही ही माझ्या सासूबाईंची तक्रार होती आणि ती अगदी खरी होती. आता नातवंडं विचारतात, आजी, तू एवढी चौकस कशी गं? अरे, मला तिथे दुसरा उद्योग काय होता!

ज्या माणसाबद्दल मी मनात हे सगळं रचत होते तो मला पहिल्यांदा भेटला तेव्हा दिसलाच नाही. नुसता ऐकू आला. आमची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत मी आणि भाजीच्या पिशव्या. मी “आई गं, मेले गं” करत दारावर लाथा मारत होते. तेवढ्यात बाहेरून तीन वेळा टकटक झालं आणि एक घोगरा आवाज म्हणाला, “समोरच्या वहिनी का? लाथा नका मारू, ती यंत्र असली तरी रुसते. आधी व्हॉल्व्ह कुठंय ते बघा, मग घाबरा.”

“इथे व्हॉल्व्ह नाहीये हो!”

“नीट बघितलंत? मग आता घाबरायला हरकत नाही. पण सावकाश.”

मी त्या पेटीत एकटीच हसले. दुरुस्तीचा माणूस येईपर्यंत काका तिथून हलले नाहीत. बोटीच्या इंजिनरूममध्ये वांग्याचं भरीत कसं भाजायचं ते त्यांनी मला दाराच्या फटीतून सविस्तर सांगितलं. दार उघडलं तेव्हा समोर एक ठेंगणे, रुंद खांद्यांचे गृहस्थ उभे होते. दात सगळे स्वतःचे. कवळीचा पत्ता नाही. मात्र गुरुवार होता, आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर साखळीला एक सुळा लोंबत होता. रानडुकराचा सुळा, कोयरीसारखा वळलेला, जुन्या हार्मोनियमच्या पट्टीसारखा पिवळा पडलेला. मुळाशी सोन्याचं टोपण आणि त्यावर कोरलेलं बोटीच्या सुकाणूचं चाक. तेही अर्धंच.

“लॉजचा दागिना आहे,” माझी नजर बघून ते म्हणाले. “माझ्या वयाहून पुष्कळ जुना. चला, मला उशीर होतोय, ब्रदरवहिनी.”

जगातल्या झाडून सगळ्या माणसांना ते ‘ब्रदर’ म्हणत. कोळणीला ब्रदर, पोस्टमनला ब्रदर. माझा नवरा ब्रदर झाला, म्हणून मी ब्रदरवहिनी. मुग्धा वैतागून, इथल्या पोरांसारखं शेवटी ‘ला’ जोडून म्हणायची, “अंकल, आय ॲम अ गर्ल, ला!” त्यावर ते म्हणत, “मग गर्लब्रदर.”

जहाजावरचे चीफ इंजिनीअर, नंतर इथल्याच एका गोदीत नोकरी आणि मग निवृत्ती. पण इंजिनरूम त्यांच्या अंगातून गेली नव्हती. कोणाच्याही घरी गेले की ते आधी फ्रिजवर तळहात ठेवत, आजारी मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. “हिला कणकण आहे,” म्हणत. माझ्या मिक्सरला त्यांनी दोनदा मरणातून परत आणलं. पंखा, शिवणयंत्र, शेजारच्या मलाय आजींचं वॉशिंग मशीन, सगळ्यांची दुखणी त्यांना हाताला कळत. माणसांचीही कळत असावीत. पण माणसांच्या बाबतीत ते काही बोलत नसत, नुसता हात ठेवत.

लॉजचं कोडं मात्र मला गप्प बसू देईना. शेवटी एका गुरुवारी मी त्यांचा पाठलाग केला. हो, पाठलागच. गॉगल लावला, डोक्याला स्कार्फ बांधला आणि एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, त्यांच्या मागच्या डब्यात चढले. जुराँग ईस्टला त्यांनी गाडी बदलली, मी बदलली. तंजोंग पगारला ते उतरले, मी उतरले. सुक्या मासळीच्या एका दुकानाशेजारी अरुंद दार होतं, त्यातून ते जिना चढून गेले. मागोमाग आणखी काही म्हातारे आले. एकाच्या हातात काठी होती, एक तर दर पायरीवर थांबत होता. या वयात! मी तोंडावर हात ठेवून जिन्याच्या तळाशी उभी राहिले. मासळीच्या वासाने शिंक आली ती दाबता आली नाही.

“ब्रदरवहिनी,” वरून घोगरा आवाज आला. “गॉगल काढा, जिन्यात अंधार आहे. पडाल.”

मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण काकांनी वरून चहा आणला आणि मला पायरीवर बसवलं. बायकांना आत जायला मनाई होती, जिन्यावर चालायचं. मी रडकुंडीला येऊन माझा ‘लॉज’चा पुण्यातला अर्थ सांगितला. त्यावर ते इतके हसले की सुळा छातीवर उड्या मारायला लागला. मग त्यांनी आत जाऊन तो विनोद इंग्रजीत सांगितला असावा, कारण आतून सगळे म्हातारे खोकत खोकत हसल्याचा आवाज आला.

जिन्याच्या वरच्या टोकाला काचेचं एक कपाट होतं. तिथवर मला परवानगी मिळाली. आत मखमलीवर दात मांडले होते. व्हेलचा जाडजूड दात, वाघाचा सुळा, मगरीचे दात, रानडुकराच्या जोड्या. सगळ्यांना चांदीची नाहीतर सोन्याची टोपणं, त्यांवर चाकं, होकायंत्रं, नांगर.

“दातच का?” मी विचारलं.

“खलाशाचं शेवटी काय उरतं, ब्रदरवहिनी? पाण्यात गेला, आगीत गेला, तरी दात उरतात. साहेबांच्या काळात बंदरातल्या इंजिनीअर लोकांनी ही शपथेने बांधलेली मंडळी काढली, तिलाच म्हणायचं लॉज. शपथ एकच. परक्या बंदरात आपला भाऊ मरत असेल तर त्याला एकटं जाऊ द्यायचं नाही. ज्याला कळेल त्याने जाऊन शेजारी बसायचं. बाकीचं सगळं, ते एप्रन आणि मेणबत्त्या, ती नुसती हौस.”

त्यांच्या गळ्यातल्या सुळ्याला जोडीदार होता. एकाच जनावराचे दोन सुळे दोन भावांना देत, एकाच बंदरात राहणाऱ्या. टोपणांवर अर्धं अर्धं चाक. दोन्ही शेजारी धरले की चाक पुरं होई. काकांचे जोडभाऊ होते मिस्टर को. गोदीत बॉयलर दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि गंमत म्हणजे त्यांना बोट लागायची. समोरच्याच सेंटोसा बेटावर जायच्या फेरीबोटीतसुद्धा त्यांना उलट्या होत. सिंगापूर सोडून ते कधी कुठे गेलेच नव्हते. “को म्हणजे खलाशांच्या मंडळीतला एकमेव खुष्कीचा भाऊ,” असं काका घरी येऊन काकूंना सांगत, आणि काकू पदर तोंडाला लावून हसत. त्यांनी मिस्टर कोंना कधी पाहिलं नव्हतं. बायकांनी लॉजकडे फिरकायचं नाही म्हणजे नाही.

काकू लॉजबद्दल कधीच कुरकुरत नाहीत याचं मला नवल वाटायचं. एका गुरुवारी सकाळी त्या सुळा पुसत बसल्या होत्या. टोपण रिठ्याच्या पाण्याने, सुळा खोबरेल तेलाच्या बोटाने. अर्ध्या चाकाच्या आऱ्यांमधून त्या कापसाची वात फिरवत होत्या. देवाची मूर्ती पुसतानासुद्धा मी इतकी हळुवार नव्हते.

“एवढं काय करता हो त्याचं?” मी म्हटलं.

“यांच्यातल्याच एका भावाने माझ्या शेखरला शेवटचं पाणी पाजलंय,” काकू म्हणाल्या.

शेखरचा फोटो त्यांच्या हॉलमध्ये होता. पांढऱ्या गणवेशातला, हसरा, बापासारख्या खांद्यांचा. मी कधी विचारलं नव्हतं. एवढी तरी अक्कल मला होती. नवा नवा बोटीवर लागला होता. दक्षिण अमेरिकेतल्या एका बंदरात तापाने फणफणला. बोट त्याला इस्पितळात सोडून पुढे गेली, तिला थांबता येत नव्हतं. तार आली तेव्हा काका लगेच विमानाने निघाले. पण ते पोचायच्या आधीच सगळं आटोपलं होतं. दहनसुद्धा.

“हे अस्थी घेऊन परत आले,” काकू वात फिरवत म्हणाल्या. “मी विमानतळावर एवढंच विचारलं, त्याच्याजवळ कोण होतं? हे म्हणाले, आमच्यातला एक भाऊ होता. त्याला कळलं, तो धावत गेला. शेवटपर्यंत हात धरून बसला होता. तेवढ्यावर मी जगले गं. नाहीतर मी काही उठले नसते.”

त्या भावाचं नाव काकूंना माहीत नव्हतं. लॉजची शपथ, नाव सांगायचं नाही. पुढे तो सिंगापूरलाच आला, इथेच असतो, एवढं काका सांगत. दर दिवाळीला काकू त्याच्यासाठी चकल्यांचा वेगळा डबा भरत आणि काका तो गुरुवारी घेऊन जात. डबा रिकामा परत येई, आणि सोबत भावाचा निरोप, फार छान झाल्या होत्या म्हणून.

पुढच्या वर्षी काकूंचं पोट दुखायला लागलं. अपचन म्हणत म्हणत त्यांनी ते अंगावर काढलं, आणि तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरांकडे सांगण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. काका रोज इस्पितळात पलंगाच्या लोखंडी कठड्यावर तळहात ठेवून बसत. इंजिन चालू आहे ना, हे आतून ऐकत असल्यासारखे. मी दुपारी डबा घेऊन जायची.

“अहो,” एका दुपारी काकू म्हणाल्या, “त्या भावाला एकदा घेऊन या ना. आता कसली शपथ? मला त्याला डोळ्यांनी बघायचंय. हात जोडायचेत. मग मी सुटले.”

काका “हो हो” म्हणाले आणि उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांमध्ये, ते कॉफीचा कप समोर घेऊन बसले होते. कप भरलेला, वर साय धरलेली.

“त्यात अवघड काय आहे काका? आणा त्यांना.”

“असा भाऊच नाही, ब्रदरवहिनी.”

मला आधी कळलंच नाही.

“मी त्या वॉर्डात गेलो होतो. नर्सने मला पलंग दाखवला. दुसरा माणूस झोपला होता त्यावर. मी खुणा करून विचारलं, माझ्या मुलाजवळ कोणी आलं होतं? ती नुसती मान हलवत होती. नाही. नाही. त्या बंदरात आमचा कोणीच नव्हता. एकटा गेला पोरगा. आयुष्यभर मी परक्यांच्या पोरांजवळ बसलो, आणि माझा...” त्यांनी कप थोडा सरकवला. “विमानतळावर तिने विचारलं. गळ्यात तेव्हा सुळा होता. तोंडातून निघून गेलं.”

“मग तो भाऊ वारला म्हणून सांगा ना आता!”

“परवाच्या दिवाळीत चकल्या खाल्ल्यात त्याने. आणि आता तिला आणखी एक मरण सांगू?”

गुरुवारी ते लॉजवर गेले आणि सगळ्या म्हाताऱ्यांसमोर त्यांनी हे कबूल केलं. लॉजच्या नावावर खोटं बोललेल्या भावाचा दागिना काढून घेतात असा नियम होता. काकांनी आपला सुळा काढून टेबलावर ठेवला. मग मिस्टर को उठले, सुळा उचलून त्यांनी परत काकांच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, “यू ऑलरेडी सेड गॉट ब्रदर. सो मस्ट हॅव ब्रदर, ला.”

हे मला काकांनीच सांगितलं.

मिस्टर को शनिवारी दुपारी आले. काडीसारखे बारीक, कोट घातलेले, त्या उकाड्यातसुद्धा गळ्याशी बटण लावलेलं. कोटावर सुळा. काकांनीच तो घालून यायला सांगितलं होतं. दात पाहिल्याशिवाय विमल विश्वास ठेवायची नाही, म्हणाले. स्वतः काका वॉर्डाच्या दारातच थांबले. आत आलेच नाहीत. त्यांचा आपला साधा शर्ट, गळ्यात सुळा नाही. मी मध्ये बसले, कारण काकू म्हणाल्या, “बाजारापुरतं इंग्रजी येतं मला, पण हे मराठीतच बोलायचंय. तू सांग त्यांना.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग हात जोडले.

“म्हणावं, माझ्या मुलाला तुम्ही एकटं सोडलं नाहीत. त्याच्या आईच्या जागी बसलात.”

मी इंग्रजीत सांगितलं. मिस्टर कोंनी मान खाली घातली. त्यांची काहीतरी तयारी होती. पाणी दिलं, हात धरला, असं काका त्यांच्याकडून घोकून घेत आले होते. पण ते सगळं बहुधा विसरले, आणि त्यांना जे खरोखर माहीत होतं तेच बोलले. “युवर चकली. एव्हरी इयर आय ईट. व्हेरी गुड.”

काकू हसल्या. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. पदर शोधायला हात तोंडाशी गेला, पण इस्पितळाच्या झग्याला पदर कुठला!

“विचार त्यांना,” मग त्या म्हणाल्या, आणि आवाज जरा वर काढला, दारापर्यंत जाईल असा. “शेवटी शेखर काय बोलला?”

मी विचारलं. याची तयारी कोणीच केलेली नव्हती. मिस्टर कोंनी दाराकडे पाहिलं. काकांनी तोंड फिरवलं होतं, खिडकीकडे. मिस्टर कोंचा म्हातारा चेहरा आमच्या समोर हळूहळू चुरगळत गेला. दोन्ही हातांनी त्यांनी तो झाकला आणि मोठा उसासा सोडला, “आय्या...”

चिनी माणसांचं हे आपल्या ‘अरे देवा’सारखं असतं. मासळीबाजारात पावलापावलाला ऐकू येतं.

“ऐकलंत?” काकू दाराकडे बघून म्हणाल्या. “अहो, ऐकलंत का? ‘आई’ म्हणाला. आपला शेखर ‘आई’ म्हणाला.”

काका आत आले. ते हुंदके देत होते की नुसता श्वास घेत होते, मला सांगता यायचं नाही. त्यांनी काकूंच्या कपाळावर हात ठेवला आणि मिस्टर कोंच्या खांद्याला धरून त्यांना खाली सोडायला घेऊन गेले.

मी डोळे पुसत होते. वाटत होतं, काय हा योगायोग! एका चिनी उसाशाने केवढं काम केलं!

“दार लोट,” काकू म्हणाल्या.

मी लोटलं.

“चांगला माणूस आहे गं को.”

मी दारापासून वळले. आलेल्या पाहुण्याचं नाव त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

“इतकी वर्षं मी यांचं अर्धं चाक पुसतेय,” काकू म्हणाल्या. “कुठला आरा कुठे तुटतो ते बोटाला पाठ आहे माझ्या. उरलेलं अर्धं आज बघितलं, त्यांच्या कोटावर. आत आले तेव्हाच दिसलं. जो माणूस सेंटोसाच्या बोटीत ओकतो तो तिथे कुठला जायला. म्हणजे तिथे कोणी नव्हतं गं. माझं लेकरू एकटंच होतं.”

त्या रडल्या नाहीत. छताकडे बघत पडून राहिल्या.

“मग तुम्ही विचारलंत कशाला, काय बोलला म्हणून?”

“हे दारात उभे होते ना. एवढं सगळं जमवून आणलं त्यांनी. नीट पार पडलेलं दिसू दे त्यांना.”

“आणि ते... ‘आई’ म्हणाला ते? तुम्हाला तर ‘आय्या’ माहीत...”

“माहीत नसायला काय झालं? जन्म गेला इथे मासे घेण्यात.” काकूंनी डोळे मिटले. “तेवढं मी माझ्यासाठी घेतलं.”

बाहेर काकांच्या बुटांचा आवाज आला. काकूंनी माझं मनगट पकडलं. त्या हातात तेव्हा ताकद कुठली, पण पकडलं. “यांना कधी सांगायचं नाही. तुझं तोंड मला माहितेय.”

पुढचा गुरुवार त्यांनी पाहिला नाही.

मंडाई नावाच्या भागातल्या दहनभूमीवर सगळे म्हातारे आले होते, काठ्या टेकत. बाईसाठी लॉज कधी आली नव्हती, पण त्या दिवशी आली. मिस्टर को एका बाजूला रुमालाने डोळे टिपत उभे होते. भिंतीवर तळहात टेकवून काका उभे होते, आत विजेची भट्टी चालू होती तोवर. ती थांबली तेव्हा आमच्या कोणाच्याही आधी त्यांना कळलं. त्यांनी हात काढून घेतला.

नंतर वर्षभराने माझ्या नवऱ्याला मुंबईत जमिनीवरची नोकरी मिळाली आणि आम्ही सामान बांधलं. मधल्या काळात काका आमच्याकडे जेवायला येत, जेवण झालं की आपलं ताट घासून ठेवत. कोणी थांबवलं तर चिडत. दर खेपेला काहीतरी विचारायचंय असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसे, पण तेवढ्यात मुग्धा काही बोले, कुकरची शिट्टी होई, आणि ते राहून जाई.

निघायच्या दिवशी ब्लॉकखाली टॅक्सी उभी होती. बॅगा चढवून झाल्या. माझी कढीपत्त्याची कुंडी विमानात नेता येईना, ती मी काकांच्या हातात दिली. चांगली मोठी कुंडी होती, दोन्ही हातांनी कवटाळावी लागणारी. पानं त्यांच्या तोंडावर येत होती.

“रोज पाणी नको हां. माती कोरडी दिसली की घाला.”

“हं.” मग पानांच्या आडून ते म्हणाले, “ब्रदरवहिनी, एक विचारायचं होतं. त्या दिवशी मी ब्रदरला सोडायला खाली गेलो. विमल काही म्हणाली का तुम्हाला? त्याच्याबद्दल?”

नवरा टॅक्सीतून हाक मारत होता. मुग्धा आत बसून “मम्मी, फास्टर ला” करत होती. मनगटावर मला काकूंची बोटं जाणवत होती.

“म्हणाल्या, चांगला माणूस आहे.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“पटलं म्हणजे तिला.” त्यांनी श्वास सोडला. पानं हलली. “माझ्या मनात रोज येतं, कुठेतरी चूक राहून गेली असेल माझ्याकडून. मी पुन्हा पुन्हा तपासून बघतो. सापडत नाही. तुम्हाला काही दिसली होती का?”

“नाही, काका,” मी म्हटलं. “कुठेच नाही.”

टॅक्सी निघाली. मी मागच्या काचेतून वळून पाहिलं. त्यांना निरोपाचा हात हलवायचा होता, पण हात मोकळा नव्हता. कुंडी खाली ठेवावी हे त्यांना सुचलं नाही. त्यांनी ती दोन्ही हातांनी तशीच जरा वर उचलली, खाली घेतली, पुन्हा उचलली. वळण येईपर्यंत तो पाल्याचा झुबका वर खाली होत राहिला. मागचा चेहरा काही मला दिसला नाही.